हुकाची गाडी वाचवायची तर: जुनी ब्रेकडाउन क्रेन आणि तिचा ताफा कसा जतन करावा

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत रात्री भोंगा वाजला की आई उठून आधी तो मोजायची. किती वेळा वाजला त्यावरून अपघात यार्डातला की मेन लाइनवरचा, नुसता डबा घसरलाय की माणसं जखमी आहेत, हे कळायचं. वडिलांना एका वेळचा डबा पुरेल की दोन दिवसांचे कपडे बांधायचे, तेही त्यावरच ठरायचं. घसरलेले डबे-इंजिनं उचलून पुन्हा रुळावर ठेवणाऱ्या ब्रेकडाउन गँगमध्ये वडील फिटर होते. लेंग्यावर शर्ट चढवत ते निघायचे आणि थोड्याच वेळात यार्डाकडून शिट्टी ऐकू यायची.

बऱ्याच वर्षांनी एका साइडिंगला तशीच एक वाफेची क्रेन उभी दिसली. कोणीतरी धडपडून ती भंगारातून सोडवली होती आणि तिला चकचकीत पिवळा रंग दिला होता. पण जिबचं, म्हणजे क्रेनच्या लांब हाताचं, टोक ज्या वॅगनवर टेकायचं तो वॅगन आधीच लिलावात गेला होता. हत्यारांचा डबा गेला होता, लाकडी ठोकळे सरपणाला गेले होते. क्रेन वाचली होती, गाडी गेली होती. तिच्याकडे बघून नव्या माणसाला कळेना की हे यंत्र नेमकं करायचं काय. म्हणून या लेखात पुन्हा पुन्हा एकच गोष्ट येईल: क्रेन एकटी वाचवू नका, ताफा वाचवा.

आधी ओळख करून घ्या

अमेरिकेत या गाडीला ‘रेक ट्रेन’ (wreck, म्हणजे अपघात) म्हणतात आणि तिच्यातल्या क्रेनला लाडानं ‘बिग हुक’. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे ‘ब्रेकडाउन’. नाव कोणतंही असो, रचना सारखीच. मधोमध क्रेन. तिला जोडून एक सपाट वॅगन, प्रवासात आडव्या पडलेल्या जिबच्या खाली राहणारा. आपण त्याला मॅच वॅगन म्हणतो. मग हत्यारांचा डबा: जॅक, साखळ्या, स्लिंग, डी-शॅकल (पिन लावून बंद होणाऱ्या कड्या), कप्प्या, पहारी, घण, कटिंगचा संच. लाकडी पॅकिंग आणि जादा रूळ-स्लीपर वाहणारे वॅगन. मुकादमाचा आणि गँगचा झोपायचा डबा, स्वयंपाकाचा डबा. चाक रुळावर परत चढवायचे लोखंडी उतार, म्हणजे रीरेलिंग रॅम्प, हेही याच गाडीत.

क्रेन येण्यापूर्वी घसरलेलं इंजिन जॅक, दोर, लाकडी ठोकळे आणि दुसऱ्या इंजिनाची ओढ यांच्या जोरावर चढवत. एकेका कामाला दिवसच्या दिवस जात आणि लाइन बंद राही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत इंजिनं जड होत गेली तशी वाफेवर चालणारी रेल्वे क्रेन रूढ झाली. अमेरिकेत मिशिगनमधल्या बे सिटीची ‘इंडस्ट्रियल वर्क्स’ आणि विस्कॉन्सिनमधल्या साउथ मिलवॉकीची ‘ब्युसायरस’ ही त्यातली दोन मोठी नावं. तिकडच्या क्रेन शंभर टनांच्या पुढे गेल्या आणि शेवटी २५० टनांपर्यंत पोहोचल्या. ब्रिटनमध्ये कार्लाइलची ‘काउअन्स शेल्डन’, इप्सविचची ‘रॅन्सम्स अँड रेपियर’ आणि मँचेस्टरची ‘क्रेव्हन ब्रदर्स’ हे कारखाने होते. भारतातल्या ब्रॉडगेजवर आलेल्या वाफेच्या क्रेन याच घराण्यातल्या.

इथे एका माणसाबद्दल सांगायलाच हवं. ब्रिटिश रुळांवर आणि पुलांवर एका आसावर किती भार चालेल याची मर्यादा कडक होती. क्रेनची ताकद वाढवली की वजन वाढे आणि ती प्रवासच करू शकत नसे. रॅन्सम्स अँड रेपियरच्या विल्फ्रेड स्टोक्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावर तोडगा काढला: क्रेनच्या दोन्ही टोकांना वेगळ्या सुटणाऱ्या बोग्या, म्हणजे चाकांचे छोटे गाडे, जोडायच्या, प्रवासात भार त्यांच्यावर वाटायचा आणि जागेवर पोहोचलं की त्या सोडवून बाजूला करायच्या. याच स्टोक्स यांची पहिल्या महायुद्धातली स्टोक्स मॉर्टर तोफ जगभर गाजली. मला मात्र त्यांच्या बोग्यांचं अप्रूप जास्त आहे. आज कुठे ब्रिटिश बनावटीची क्रेन मिळाली आणि तिच्या पुढे-मागे छोट्या, बिनकामाच्या वाटणाऱ्या बोग्या उभ्या दिसल्या, तर त्यांना हात लावू देऊ नका. नेमक्या त्याच आधी भंगारात जातात, कारण त्यांचं काम काय हे विकणाऱ्याला ठाऊक नसतं.

अमेरिकेत १९६० नंतर साइडबूम (बाजूला उचलायचा हात असलेले) ट्रॅक्टर घेऊन रस्त्यानं येणारे ठेकेदार अपघाताच्या जागी पोहोचू लागले आणि मोठे हुक हळूहळू यार्डाच्या कोपऱ्यात गेले. आपल्याकडे डिझेल-हायड्रॉलिक क्रेननी त्यांची जागा घेतली; बिहारमधल्या जमालपूरचा रेल्वे कारखाना १४० टनी क्रेन बनवतो. छोट्या घसरणीला तर आता हायड्रॉलिक जॅकचा संच पुरतो. वाफेच्या क्रेन अशा एकाएकी नाही, हळूहळू निकामी झाल्या. त्यामुळे त्यांच्याबद्दल कोणी हळहळलंही नाही.

पाटी वाचा, मग बाकीचं

पहिल्या दिवशी काहीही साफ करू नका. कॅमेरा, टेप, वही आणि मऊ खडू घेऊन जा. कारखान्याची पाटी बहुधा केबिनच्या बाजूला किंवा जिबच्या पायथ्याशी असते. त्यावर कारखान्याचं नाव, क्रमांक, साल आणि बहुतेकदा भाराचा तक्ता असतो. पाटी चोरीला गेली असेल तर गिअरवर, सिलिंडरवर, बॉयलरच्या दारावर ओतीव अक्षरं शोधा. मूळ क्रमांक अनेक सुट्या भागांवर ठोकलेला सापडतो.

अमेरिकन क्रेनचं वय नावावरूनही अंदाजता येतं. इंडस्ट्रियल वर्क्स आणि क्लीव्हलंडची ब्राउन होइस्टिंग १९२७ साली एक होऊन ‘इंडस्ट्रियल ब्राउनहोइस्ट’ झाली. त्याच वर्षी ब्युसायरस आणि एरी स्टीम शॉव्हेल मिळून ‘ब्युसायरस-एरी’ झाली. म्हणजे पाटीवर जोडनाव असेल तर क्रेन १९२७ किंवा त्यानंतरची, नुसतं जुनं नाव असेल तर त्याआधीची. मात्र बॉयलर, जिब, बोग्या पुढे बदललेल्या असू शकतात. नोंद प्रत्येक भागाची वेगळी ठेवा.

डब्यांच्या बाबतीत तर जास्तच चौकस राहा, कारण ब्रेकडाउन गाडीला नवा डबा क्वचितच मिळायचा. कोणत्याही देशात जुने प्रवासी डबे कापून, खिडक्या बुजवून ते या कामाला लावले जात. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी पुलमन कंपनीने बांधलेले झोपायचे डबे युद्धानंतर रेल्वे कंपन्यांनी विकत घेतले आणि गँगच्या मुक्कामाला दिले. तुमच्या हातातला कळकट ‘टूल व्हॅन’ कदाचित शतकापूर्वीचा पहिल्या वर्गाचा डबा असेल. छताखालच्या लाकडी पट्ट्या, बुजवलेल्या दारांच्या खुणा, जाळीच्या रॅकचे उरलेले स्क्रू बघा.

मापं घेताना रुळाची रुंदी लिहायला विसरू नका: आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, अमेरिका-ब्रिटनचं १,४३५. पुढे सुटे भाग शोधताना याच एका आकड्यामुळे बराच घोळ टळतो.

मालकी आणि वेळ

भारतात अशा क्रेनचं भवितव्य एका शब्दात ठरतं: कंडम, म्हणजे निकामी. तो शिक्का बसला की ती भंगाराच्या यादीत जाते आणि रेल्वेच्या ई-लिलावात निघते. लिलावाची तारीख लागल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही. शिक्का बसण्याआधी विभागीय कार्यालयाला आणि झोनच्या हेरिटेज कक्षाला लेखी पत्र द्या. पत्रात ‘एक जुनी क्रेन’ असं मोघम लिहू नका. क्रेनचा क्रमांक, मॅच वॅगनचा क्रमांक, हत्यारांच्या डब्याचा क्रमांक, सुटणाऱ्या बोग्या, पॅकिंगचे ठोकळे, यादीसकट हत्यारं, असं सगळं एकाखाली एक लिहा आणि ‘हा एकच ताफा आहे, तुकड्यांनी विल्हेवाट लावू नये’ हे वाक्य घाला. फाइलमध्ये जे लिहिलेलं नसतं ते सहज विकलं जातं.

त्याच पत्रात कागदपत्रंही मागा. प्रत्येक क्रेनचं तपासणीचं रजिस्टर असतं: भारचाचणी कधी झाली, दोर कधी बदलला, बॉयलरच्या नळ्या कधी बदलल्या. लोखंड दहा वर्षं उन्हात टिकेल, हे रजिस्टर एका पावसाळ्यात संपेल. ते ताबडतोब घरात न्या, पानन्पान छायाचित्र घ्या आणि मग मूळ प्रत कोरड्या कपाटात ठेवा.

हात लावण्याआधी तीन विष ओळखा

बॉयलर आणि वाफेच्या नळ्यांवर पांढरट, भुसभुशीत लेप दिसला तर तो ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला. खरवडू नका, झाडू मारू नका, पाण्याच्या जेटनं धुऊ नका. नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि काढायचा असेल तर तो त्या कामाचं प्रशिक्षण असलेल्या लोकांकडूनच काढून घ्या. तोवर जाड प्लास्टिकनं झाकून कडा चिकटपट्टीनं बंद ठेवा.

दुसरं विष रंगात. गंज रोखायला पहिला हात शेंदराचा देत. आपण देवाला फासतो तोच शेंदूर, म्हणजे शिशाचा ऑक्साइड. वरचा रंग कोणताही असला तरी तळाशी केशरी थर दिसला की कोरडा सॅंडपेपर, ग्राइंडर आणि ब्लो-टॉर्च बंद. ओल्या घासणीनं काम करा, गाळ गोळा करा, योग्य मास्क वापरा, कपडे तिथेच बदला. लहान मुलांना त्या जागेपासून लांब ठेवा.

तिसरं, केबिनमधलं जुनं तेल-ग्रीस आणि चिमणीतली राख. कोळशाच्या राखेत गंधक असतं. ओल लागली की तिचं आम्ल होतं आणि ते बॉयलरचा पत्रा आतून खातं. त्यामुळे राख काढणं हे पहिल्या आठवड्यातलं काम: फायरबॉक्स (आगीची पेटी), ॲशपॅन (राखेचं तबक), चिमणीखालचा भाग, सगळं कोरडं खरवडून काढा. मास्क इथेही लागेलच.

पाणी थांबवा

रंगापेक्षा छप्पर आधी, हे मी ठासून सांगतो. वर्गणी जमली की सगळ्यांना रंग द्यायचा असतो, कारण रंग फोटोत दिसतो. पण गंजलेल्या पत्र्यावर मारलेला रंग दोन पावसाळ्यांत सुटतो आणि त्याखाली ओल अडकून गंज जास्तच वाढतो. पत्र्याची साधी शेड, तीही नसेल तर ताडपत्री. मात्र ताडपत्री लोखंडाला चिकटवू नका. खाली हवा खेळेल अशी सांगाड्यावर ताणा.

चिमणीवर टोपी बसवा. जिबच्या आतल्या पोकळ्या, बोगीच्या चौकटीचे कप्पे, तोल सांभाळणाऱ्या मागच्या वजनाखालची फट, जिथे जिथे पाणी साचतं तिथे मुळात ठेवलेली निचऱ्याची भोकं असतात आणि ती घाणीनं बुजलेली असतात. तार घालून मोकळी करा. मी पाहिलेल्या एका क्रेनच्या जिबमध्ये पालापाचोळ्याची चक्क माती झाली होती आणि तिच्यात पिंपळ उगवला होता. मूळ रिव्हेटच्या रांगेतून आत गेलेलं होतं, पत्रा उचलला गेला होता. पिंपळ नुसता उपटू नका. कापा, मूळ मरू द्या, मगच हलक्या हातानं सोडवा.

उघडे घासणारे भाग, म्हणजे पिस्टनच्या दांड्या, गिअरचे दात, क्रेनचा वरचा भाग ज्यावर फिरतो त्या चकतीची धाव, यांना वंगण घाला आणि त्यावर गंजरोधक मेणाचा थर द्या. किनाऱ्याजवळ, कोकणात किंवा मुंबईत असाल तर आधी गोड्या पाण्यानं मीठ धुवा, वाळवा, मग मेण. ॲस्बेस्टॉस असलेल्या भागाला मात्र पाणी लागू देऊ नका.

बॉयलर: इथे हौस नको

वाफेच्या क्रेनचा बॉयलर छोटा, उभा, बुटका दिसतो. त्यामुळे तो निरुपद्रवी वाटतो. अमेरिकेतल्या गेटिसबर्गला जून १९९५ मध्ये पर्यटकांची गाडी ओढणाऱ्या १२७८ क्रमांकाच्या इंजिनात पाणी कमी झालं, कारण पाणी दाखवणाऱ्या काचेचा मार्ग क्षारानं तुंबला होता. फायरबॉक्सचं छत तापून मऊ पडलं आणि फाटलं. तिघे कर्मचारी भाजले. जुलै २००१ मध्ये ओहायोतल्या मेडिना इथल्या जत्रेत वाफेचा एक जुना ट्रॅक्टर फुटला आणि पाच माणसं गेली. दोन्ही यंत्रं जुनी, जतन करून चालवलेली होती. म्हणूनच या घटना मी प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला पहिल्याच दिवशी सांगतो.

माझं स्पष्ट मत असं की शंभरातल्या नव्वद क्रेन पुन्हा वाफेवर आणू नयेत. उभी, कोरडी, पूर्ण आणि नीट समजावून सांगितलेली क्रेन हेच उत्तम जतन. तरीही वाफ करायचीच असेल तर क्रम असा: बॉयलर पूर्ण उघडा, क्षार काढा, अल्ट्रासॉनिक यंत्रानं पत्र्याची जाडी चौकटी आखून मोजा आणि ते आकडे नकाशावर लिहा. त्यानंतर पात्र अभियंत्याकडून दाबाचा हिशोब, थंड पाण्याची दाबचाचणी आणि मग कायदेशीर परवानगी. महाराष्ट्रात खासगी संस्थेच्या हातात बॉयलर असेल तर बाष्पके संचालनालयाकडे आधीच जा. ‘फक्त थोडीशी वाफ, प्रदर्शनापुरती’ असा प्रकार नसतो.

वाफ करायची नसेल तर बॉयलर कोरडा झोपवा. खालचे सगळे प्लग काढून पाणी सोडा, गरम हवा फिरवून वाळवा, मग आत सिलिका जेल किंवा पत्र्याच्या ट्रेमध्ये कळीचा चुना ठेवून झाकणं बंद करा. चुना ओल शोषून फुगतो, त्यामुळे ट्रे अर्धाच भरा आणि दर काही महिन्यांनी बदला. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो उकळतो. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. बॉयलर कोणीही चुकून पेटवू नये म्हणून फायरबॉक्सच्या दाराला कुलूप आणि पाटी लावा.

हुक, दोर आणि जिब

क्रेनवर असलेला तारेचा दोर कितीही धडधाकट दिसला तरी त्यानं काही उचलू नका. आतले पदर गंजलेले असतात आणि ते बाहेरून दिसत नाहीत. दोर उतरवताना कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना बारीक तारेनं घट्ट आवळून बांधा, नाहीतर तो उसळून सुटतो. एक मीटरचा तुकडा तेल लावून जपून ठेवा. त्याला चिठ्ठी लावून जाडी, पदरांची संख्या आणि कोणत्या ड्रमवरचा ते लिहा. पुढे कोणी अस्सल दोर करवून घ्यायचं ठरवलं तर हा तुकडाच कामी येईल.

मोठ्या क्रेनचा मुख्य हुक बहुधा दुहेरी असतो, दोन शिंगांचा. त्याच्या मानेशी आणि आतल्या वळणावर भेगा शोधाव्या लागतात, त्यासाठी चुंबकीय कण वापरून तपासणी करतात. फक्त प्रदर्शनात ठेवायचा असला तरी ती करून घ्या, कारण हुकाखालून लोक जातातच.

स्थिर प्रदर्शनात जिबचं वजन दोरावर ठेवू नका. ती मॅच वॅगनवरच्या तिच्या टेकूवर आडवी ठेवा. वाऱ्याचा जोर लागत नाही, पाणी साचलेलं दिसतं आणि बघणाऱ्याला कळतं की गाडी प्रवासाला निघण्याच्या अवस्थेत आहे. जिब उंच उभारून ठेवायचा मोह मला समजतो, ती देखणीही दिसते. पण तसं ठेवायचं तर वेगळा पोलादी आधार आणि अभियंत्याची सही हवी.

भाराचा तक्ता लोकांना समजावून सांगा, कारण सगळ्यांचा गैरसमज तिथेच होतो. क्रेनवर लिहिलेला टनांचा आकडा ती कुठूनही उचलते असं नाही. जिब अगदी जवळ घेतलेली असताना आणि दोन्ही बाजूंचे आडवे हात बाहेर काढून, खाली ठोकळे रचून घट्ट टेकवलेले असतानाच तो लागू. जिबचा पल्ला दुप्पट केला की ताकद निम्म्याहूनही खाली येते. म्हणून तर लाकडी ठोकळ्यांची इतकी किंमत: ते चुकीचे रचले तर मदतीला गेलेली क्रेनच आडवी व्हायची.

हलवायची वेळ

शक्य तर हलवू नका. हलवणं भागच असेल तर रुळावरून की रस्त्यानं, हे आधी ठरवा. जुन्या बोग्यांना रोलर बेअरिंग नसतात. आस पांढऱ्या धातूच्या खोबणीत तेलावर फिरतो. आसाच्या टोकाची प्रत्येक पेटी उघडा, पाणी काढा, खोबण तपासा, वंगणाची गादी नवी घाला, मग अगदी हळू, थांबत-थांबत न्या आणि दर थांब्याला पेटीला हात लावून बघा. तापली असेल तर पुढे जायचं नाही.

रस्त्यानं न्यायची तर सुटे भाग करावे लागतात आणि इथे क्रम चुकला की जीव जातो. जिब पुढे आणि वजनाचे ठोकळे मागे, असा तोल साधलेला असतो. जिब आधी काढली आणि मागचं वजन तसंच ठेवलं तर वरचा भाग मागे कलंडू शकतो. म्हणून आधी फिरत्या भागाची कुलपं लावा, खाली टेकू द्या, मागचं वजन टप्प्याटप्प्यानं उतरवा आणि सगळा आराखडा जड वाहतुकीच्या माहीतगार माणसाकडून लिहून घ्या. फिरती चकती अडकली असेल तर इंजिन लावून ओढू नका. तेल मुरवत ठेवा, आठवडेच्या आठवडे, आणि हातानं मिलिमीटरनं हलवा.

डबे आणि लाकूड

लोखंडाच्या मानानं लाकडाकडे कोणी बघत नाही. डबे जमिनीवर टेकवू नका, वाळवी लागते. रुळावर किंवा पायावर ठेवा आणि खालची झुडपं काढा. सडलेली फळी बदलताना जुनी फळी टाकू नका. एक तुकडा क्रमांक घालून ठेवा. किडीला टाकणखार आणि बोरिक ॲसिडचं पाणी चालतं, पण ते पावसात धुऊन जातं, म्हणून आधी छताची गळती बंद करा. पॅकिंगचे ठोकळे एकावर एक, मध्ये हवा राहील असे रचा. त्यांवरचे दाबाचे ठसे, घणाचे घाव पुसू नका, रंधा तर मारूच नका. तो ठसा म्हणजे एखाद्या इंजिनाचं वजन आहे.

हत्यारांच्या डब्यात भिंतीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली सापडते, म्हणजे अंधारात काय जागेवर नाही ते लगेच कळावं. या आकृत्या अमूल्य आहेत. डबा ‘स्वच्छ’ करण्याच्या उत्साहात भिंतीवर चुना मारलेला मी पाहिलाय. आधी पूर्ण भिंतीचं छायाचित्र घ्या, आकृत्यांची मापं घ्या, मग हत्यारं शोधत जा.

मूळ रंग शोधायचा असेल तर एखाद्या आडोशाच्या जागी रुपयाएवढा ठिपका बारीक पाणकागदानं ओला घासा. एकात एक कड्यांसारखे थर उघडे होतात. प्रत्येक थराचा फोटो रंगाच्या तक्त्याशेजारी ठेवून काढा. शेवटचा रंग कोणत्या काळाचा ठेवायचा हे समितीत ठरवा आणि ठिपका मात्र तसाच, काचेखाली, राहू द्या.

माणसं, आणि तीही लवकर

या सगळ्यात सर्वांत घाईचं काम हे. लोखंड वाट बघेल. क्रेन ड्रायव्हर, मुकादम, खलाशी (जड उचल-ठेव करणारे कामगार) आता सत्तरी-ऐंशीत आहेत. रेकॉर्डर घेऊन त्यांच्या घरी जा, आणि शक्य तर त्यांना क्रेनजवळ आणा. खुर्चीत बसून माणूस निवृत्तीची तारीख सांगतो, लिव्हर हातात आला की काम सांगतो.

प्रश्न नेमके विचारा: पहिला ठोकळा कुठे ठेवायचे? उतारावर क्रेन कशी रोखायचे? पावसात दोर कसा धरायचे? मृतदेह अडकलेला असेल तर उचलण्याआधी कोण परवानगी द्यायचं? शेवटचा प्रश्न विचारताना रेकॉर्डर बंद करायची तयारी ठेवा. या गाडीचा इतिहास अपघातांचा आहे आणि ज्यांनी ते हातानं उपसले त्यांच्यासाठी तो अजून संपलेला नाही.

हातवाऱ्यांच्या खुणा चित्रित करा. क्रेनला इशारा एकच माणूस देणार, हा नियम सगळीकडे सारखा. हाकाही नोंदवा. आपल्याकडच्या खलाशांत ‘हाबेस’ म्हणजे वर घे आणि ‘आरिया’ म्हणजे खाली सोड. ‘आरिया’ हा पोर्तुगीजांच्या जहाजांवरून आलेला शब्द बंदरातून रेल्वेत शिरला. केरळात १९८८ मध्ये पेरुमणला अष्टमुडी तलावात गाडी कोसळली तेव्हा बेपूर बंदराच्या मापिळा (मलबारी मुसलमान) खलाशांनी कप्पी-दोरांच्या जोरावर डबे बाहेर काढले. हे ज्ञान कोणत्याही पाटीवर लिहिलेलं नसतं.

वडिलांच्या गँगमधल्या एका काकांना मी एकदा अशाच एका हत्यारांच्या डब्यात घेऊन गेलो होतो. भिंतीवरच्या आकृत्या निम्म्या उडालेल्या, हत्यारं खाली ढिगात. काकांना आता नीट दिसत नाही. त्यांनी ढिगातलं एक शॅकल उचललं, पिन फिरवून बघितली आणि म्हणाले, “बाळा, हे तिसऱ्या खिळ्यावर. पिन नेहमी आत, नाहीतर गाडी हलली की पडते.” मी टॉर्च मारला. तिसऱ्या खिळ्याखाली, पुसट, शॅकलची आकृती होती.

दरवर्षीचं वेळापत्रक

मे महिन्याच्या शेवटी निचऱ्याची सगळी भोकं तारेनं मोकळी करा, चिमणीची टोपी आणि ताडपत्रीचे दोर तपासा, बॉयलरमधला चुना बदला. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी टॉर्च घेऊन फेरी मारा; ओल कुठून येते ते पाऊस चालू असतानाच दिसतं, नंतर नाही. ऑक्टोबरात मेणाचा थर पुन्हा द्या, वाळवीच्या नळ्या शोधा, चाकांखालचे अडसर बघा. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत रंगाचं आणि लाकडाचं काम घ्या. प्रत्येक फेरीची नोंद तारीख आणि सहीसह एका वहीत ठेवा आणि ती वही हत्यारांच्या डब्यात नको, कोरड्या घरात ठेवा. वर्षातून एकदा, सगळं झाल्यावर, जुन्या गँगमधल्यांना चहाला बोलवा आणि ती वही त्यांच्यासमोर वाचा. चुका तेच दाखवतील.